मोटार थांबवणारा हात
परवा नातसुनेने एरंडेलाची बाटली उघडली आणि वासासरशी मला माझे सासरे आठवले. आमचं गाव इकडंच राहिलं आणि नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं, त्या वर्षाची गोष्ट. काविळीने त्यांचे डोळे कधीचेच पिवळे होते. एक दिवस हात पाखराच्या पंखांसारखे फडफडायला लागले, बोलणंही भरकटलं. सासूबाई म्हणाल्या, "देवी आली यायच्या अंगात," आणि त्यांनी सासऱ्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. शेजारणी पाया पडायला आल्या. मी म्हटलं, "देवी आहे, तर चहा काहून सांडून राहिली?" सासूबाई रुसल्या, पण नवऱ्याने बंडी जुंपली आणि आमच्या गावाहून, रामाकोन्याहून, आम्ही त्यांना सौंसरला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "बाबाजी, मोटार थांबवता तसे हात पुढे धरा." सासरे गुंगीतच म्हणाले, "इथं कोणती मोटार येऊन राहिली?" हात धरले, तर पंजे खाली पडत आणि पुन्हा उठत. डॉक्टर म्हणाले, "लिव्हर बिघडलं की विष डोक्यात चढतं, त्यानं हे होतं. आधी पोट साफ करा." नवरा बंडी घेऊन परतला; सौंसरलाच नणंदेकडे राहून मी त्यांना आठवडाभर एरंडेल पाजलं आणि धोतरंही मीच धुतली. परतताना सडकेवर सासऱ्यांनी हात वर केला. तो जराही हलला नाही. मोटार थांबली. "पाह्य सूनबाई, आता आली मोटार," ते म्हणाले. पुढे त्याच लिव्हरने ते गेले, पण ती बऱ्याच वर्षांनंतरची गोष्ट. देवीच्या पाया मी पडले नव्हते, त्या मोटारीच्या मात्र पडले असते. नातसून नाक दाबते. मला तो वास अजून बरा वाटतो.