रुमालाखाली गेलेला वड
थोरल्या भावाने मला फसवलं, आणि तेही माझ्याच रुमालाखाली. काल वाटेत वडाची पिकली फळं पायाखाली चिरडली आणि त्या आंबूस वासाने सगळं परत आठवलं. येलदरीकडे आमच्या बांधावर मोठा वड होता. फळं लाल झाली की त्यावर हरियल यायचे. हिरव्या पानांत ती हिरवी कबुतरं दिसायची नाहीत, नुसती त्यांची लांब, मऊ शीळ ऐकू यायची. वाटणीच्या सकाळी मी दादाला म्हणालो, "इहिरीजवळची पट्टी तुला, वड मला." तो हसला, "पाखरं इकनार हाईस का रे?" मी बैलांचा व्यापारी. सौदा तोंडाने बोलायचा नाही, रुमालाखाली बोटं दाबली की तो पक्का, ही आमची बाजाराची रीत. म्हणून पंचांसमोर पट्टी सोडली आणि वडासाठी रुमालाखाली हात पुढे केला. दादाने माझी बोटं घट्ट दाबली. पुढे मी बाजाराला गेलो, विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत एसटी बंद पडल्या, परतायला उशीर झाला. आलो तर वड कापून वीटभट्टीवर गेलेला. हरियल मोकळ्या बांधावरून नुसते फिरत होते. "वड देतो असं मी कवा म्हनलो? कुनी ऐकलं का?" दादाने विचारलं. पंचांनी तर नुसता रुमालच पाहिला होता. आता आम्ही दोघेही म्हातारे झालो. पट्टी त्याने खुशाल ठेवावी. पण त्या दिवशी माझी बोटं दाबणारा हात कोणाचा होता, एवढं त्याने चारचौघांत सांगावं.