माथ्यावरचं स्टिकर

गिटारीचा माथा म्हणजे दांडीच्या शेवटचा वीतभर तुकडा. त्यावर खुंट्या बसतात. बाकी गिटारी लांबून सारख्याच दिसतात, कोणाच्या हातची आहे ते माथ्यावरून कळतं. मी पहिली गिटार घडवायला घेतली तेव्हा गिऱ्हाइकाने नेमका तेवढाच तुकडा दुसऱ्याचा मागितला, आणि माझं टाळकं फिरलं.

हा माणूस अर्जुनी मोरगावचा, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत गिटार वाजवणारा. त्याने फोनवर एका परदेशी गिटारीचा फोटो दाखवला आणि माथा हुबेहूब असाच पाहिजे म्हणाला. शिवणीच्या झाडाचं लाकूड वाळवलं मी, दांडी घासली मी, पोटातल्या पट्ट्या बसवल्या मी, आणि तोंड मात्र कंपनीचं? मी सांगून टाकलं की माथा माझाच राहील, पटत नसेल तर दुसरीकडे जा. तो गेला नाही. आमच्या केशोरीच्या आसपास गिटार घडवणारा दुसरा होता कुठे?

बोलून तर बसलो, पण माझा माथा म्हणजे कसा, ते मलाच माहीत नव्हतं. पुठ्ठ्यावर आकार काढू लागलो. एक पिंपळपानासारखा झाला, एक माशाच्या शेपटीसारखा, एक तर सरळ उलथणंच. घरातले बुटांचे खोके संपले आणि मी सगळ्यांवर खेकसू लागलो.

बाबा समोरच्या बाजेवर बसून बघत होते. त्यांनी उभं आयुष्य गावाला नांगर आणि जू करून दिले. आमच्याकडे जुवाचं टोक प्रत्येक सुताराचं वेगळं. बाबांचं टोक तिरपं कापलेलं, वर एक खाच, आणि जू खुंटीला टांगायला अंगठा जाईल एवढं भोक. जू तडकलं की माणूस टोक बघून बरोबर त्या सुताराच्या दारात उभा राहायचा. मी लहानपणी त्यांना म्हटलं होतं की तुमचं टोक म्हणजे तुमची सही. ते म्हणाले होते, "सही नोहे. शिव्या कोणाले द्याच्या, त्याच्यासाठी रायते ते."

शेवटी मी माथ्याला त्याच टोकाचा आकार घेतला, आणि घाईत रुंद कापला. तारा चढवल्या तर त्या खुंट्यांकडे जाताना बाजूला वाकत, माथ्याखाली तारा पेलणाऱ्या हाडाच्या पट्टीत अडकत, आणि सूर दहा मिनिटं टिकेना. मी पटाशी फेकली. बाबांनी ती उचलून परत फळीवर ठेवली.

"कायले चिडून राहिला? पयले तार कोठून जाते ते पाय. लाकूड मंग काप."

राग तर आलाच, कारण त्यांचं खरं होतं. तो माथा काढून नवा जोडला. गेरूत बुडवलेल्या सुताने आधी सहा तारांच्या सरळ रेघा मारल्या, मग रेघांच्या बाहेरचं लाकूड काढलं. माथा अरुंद झाला, पण तिरपा काप आणि खाच दोन्ही राहिले. भोक मात्र मी पाडलं नाही. भोक पाडलं तर लोक गिटारीला बैलाचं जू म्हणतील, असं मला वाटलं.

नाटकांचा हंगाम संपल्यावर ते गिऱ्हाईक परत आलं. एक खुंटी सैल झाली होती. त्याने पिशवी उघडली आणि मला दिसलं की माझ्या माथ्यावर, खाचेला झाकून, परदेशी कंपनीचं चकचकीत स्टिकर होतं.

कानशिलं तापणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. काऊन लावलं, एवढंच विचारलं.

"लोक पुसतेत ना भाऊ, सुतारानं बनवली का म्हणून. कंपनीची म्हटली का स्टेजवर मान भेटते."

म्हणजे वाजली तर कंपनीची आणि बिघडली तर माझी. मी त्याला सुनावलं. तू माझा माथा झाकलास, माझ्या बापाचा हात झाकलास, आणि खुंटी सैल झाली की तोंड वर करून माझ्याच दारात आलास. माझा आवाज ऐकून बाबा उठून आले. त्यांनी स्टिकरकडे पाहिलंही नाही. गिटार हातात घेऊन माथ्याच्या टोकावर अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघितलं.

"याचं भोक कोठं हाये?"

गिटार सुताराच्या हातची म्हणायची लाज त्या गिऱ्हाइकाला वाटली, पण त्याच्याआधी ती मला वाटली होती. त्याने स्टिकर वरून लावलं, मी भोक टाळून ते आतूनच लावून दिलं होतं. तेव्हा जो राग आला तो त्याच्यावर नव्हता, म्हणून तो जास्त पोळला.

मी गिटार मेजावर आडवी घेतली आणि त्याला सांगितलं की खुंटी नीट करून देतो, पण माथ्याला भोक पाडून. कबूल नसेल तर गिटार कंपनीकडे पाठव. तो "पाडा" म्हणाला आणि नखाने स्टिकर सोलायला लागला.

मी त्याचा हात बाजूला केला. म्हटलं, राहू दे, भोक त्याच्यातूनच जाईल.