जैबुनचाचीची फुंकर

जैबुनचाची गेल्या मोहफुलांच्या हंगामापासून घराबाहेर पडलेली नाही. आजारी नाही, पायही धड आहेत. तीस वर्षं बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन तिनं मोहर्लीच्या आसपासची गावं पायी तुडवली. आता ती टोपली खाटेखाली पडून आहे. चाची अंगणाच्या कुंपणापर्यंत येते आणि तिथूनच माघारी वळते. मी तिच्या शेजारचा, शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. तिची भाजी मीच आणून देतो आणि रोज तिच्यावर चिडतो.

गावात मुसलमानाचं हे एकच घर. निघताना चाची उंबरठ्याशी थांबून पुटपुटायची, ‘बिस्मिल्लाहि तवक्कल्तु अलल्लाह, ला हौल वला कुव्वत इल्ला बिल्लाह.’ मी एकदा अर्थ विचारला. अल्लाहचं नाव घेऊन निघाले, भरवसा त्याच्यावर, त्याच्याशिवाय कोणाच्या हाती काही नाही, असं तिनं सांगितलं. हे बायकांच्या कानावर गेलं, आणि मोह वेचायला निघालेल्या बाया पहाटे आधी तिच्या दारात येऊ लागल्या. जंगलात वाघ वाढले तशी ही गर्दीही वाढली. चाची प्रत्येकीसाठी दुआ म्हणायची आणि डोक्यावरून फुंकर घालायची. खरं तर ही दुआ निघणाऱ्यानं स्वतः म्हणायची असते, हे तिला ठाऊक होतं. पण बायांच्या जिभेला ते शब्द वळत नव्हते, आणि दारातली गर्दी तिला आवडायचीही. मी तिला ‘गावची वनरक्षक’ म्हणून चिडवायचो. आज त्याची लाज वाटते.

मोहाची झाडं आमच्याकडे घरागणिक वाटलेली. तरी आपल्या झाडाखाली एकटीनं जायचं नाही, हा बायांचा नियम. पाचसहा जणी मिळून एकेक झाड वेचत पुढे जातात. गिरजाबाईचं झाड सगळ्यात शेवटी, नाल्यापलीकडे. तिथं पोचेपर्यंत चितळांनी अर्धी फुलं खाल्लेली असत. वर्षानुवर्षं तिनं हे सोसलं. गेल्या हंगामात एका पहाटे मात्र ती थांबली नाही, एकटीच पुढे आपल्या झाडाकडे निघाली. सोबतच्या बायांनी अडवलं, तर म्हणाली, “चाचीनं फुंकलं हाये. मले काई होत नाई.”

तासाभरानं बाया नाल्यापलीकडे पोचल्या तेव्हा झाडाखाली तिची टोपली उपडी पडली होती. पुढे झुडपात ती स्वतः सापडली. वाघ तोवर निघून गेला होता.

गावानं चाचीला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, निदान ती भांडली असती. बायांनी गिरजाबाईचे शेवटचे शब्द तिला साधेपणानं सांगितले, आणि तिथंच ती खचली. चूक गिरजाबाईची होती, असं मी शंभरदा समजावलं. ती म्हणते, दुआ खोटी नाही, मीच तिचा ताईत करून वाटला. आता ती नमाज पढते, पण त्या दुआचे शब्द तेवढे तिच्या तोंडात येत नाहीत, आणि ते म्हटल्याशिवाय तिचं पाऊल बाहेर पडत नाही. असं माणूस जिवंतपणी मातीत जाताना बघणं फार वाईट.

यंदा मोह गळू लागला, त्या पहिल्याच पहाटे गिरजाबाईची सून माधवी टोपली घेऊन तिच्या दारात आली. मी माझ्या अंगणात दात घासत होतो.

“चाची, फुंक मार ना,” माधवी म्हणाली आणि मान वाकवून उभी राहिली.

चाचीनं दाराची चौकट धरली. “मी म्हनलं तं तू लांब जाशीन.”

“आमचा मोह तिथीच हाये, चाची. जा तं लागनच.”

माधवीनं थोडा वेळ तशीच वाट पाहिली. मग पदर सारखा केला आणि वाटेवर थांबलेल्या बायांमागे निघाली. चाची तिच्या मागे कुंपणापर्यंत गेली. माझा या गोष्टींवर उभ्या जन्मात विश्वास बसला नाही. तरी मी म्हणालो, “म्हन ना, चाची. तिच्यासाठी तरी म्हन.”

तिनं तोंड उघडलं. माधवी वळणाआड गेली तरी ते तसंच उघडं होतं, आणि शब्द आला नाही.