सुधारलेल्या देशांचा कायदा

“तू बाहेर बस. इंग्रजी अडलं तर हाक मारीन,” मालक म्हणाले. दौंडच्या रेस्टहाउसात गोरा साहेब आला होता. आत तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. मी मांडीवर टाइपरायटर घेऊन व्हरांड्यातून मोजल्या.

इंग्रजी माझं तरी काय! मॅट्रिकला दोनदा गटांगळ्या. पण शिरूर तालुक्यात मालकांना त्याहून बरा टायपिस्ट मिळाला नाही, आणि आमच्या बौद्धवाड्यात तर मी बॅरिस्टरच.

साहेबाच्या कंपनीला पंपांचा कारखाना काढायचा होता. सरकारनं नुकताच कायदा केलेला, परदेशी कंपनीनं हिस्सा कमी ठेवावा. म्हणून देशी भागीदार हवा. म्हणून मालक. करार साहेबानंच लिहून आणलेला. एका कलमाशी अडलं. हाक आली.

मी उभ्यानंच वाचलं. “तंटा झाला तर निकाल लंडनात. सुधारलेल्या देशांच्या कायद्यानं.”

“आन् आपण कोण?”

“बिनसुधारलेले, मालक.”

मालकांचे कान लाल झाले. “आमची कोर्टं काय गोठ्यात भरत्यात व्हय? इचार त्याला!”

विचारलं. साहेब गोड हसला. तुमच्यासारख्या देशांत आम्ही असंच लिहितो, म्हणाला.

“आणि ऑस्ट्रेलियात?” हे मी माझ्या पदरचं विचारलं.

“तिथे लागत नाही. तिथे आपलीच माणसं आहेत.”

मालक फुगून बसले. मला भोळ्याला वाटलं, आज ह्या माणसाला कळलं. जन्मावरून हिणवणं कसं लागतं ते कळलं. चहा गार होईपर्यंत मी तसाच मूर्ख राहिलो.

मग ते म्हणाले, “ऱ्हाऊ दे त्याचं कलम. आपलं एक घाल. कामगार चांगल्या घरातलेच घ्यायचे.”

“चांगल्या घरातले म्हंजी कोण, मालक?”

“तुला कळतंय की.”

कळत होतं. माझा धाकटा भाऊ आयटीआय झालेला फिटर. वाड्यातली आणखी चार पोरं ह्याच कारखान्याकडे डोळे लावून बसलेली. गोऱ्यानं वरून थुंकलं, ते ह्यांनी पुसलंसुद्धा नाही. तसंच खाली आमच्यावर ढकललं. असा लायक भागीदार साहेबाला जगात मिळाला नसता.

मी मशीनमधला कागद ओढून काढला. “हे मी लिहिणार न्हाई.”

“मग कोण लिवणार?”

“तुम्ही. तुम्ही सुधारलेले.”

नोकरी तिथंच गेली. घरी मोठ्या ऐटीत सांगितलं. बायको म्हणाली, “मशीन मालकाची. आता काय बडवणार?”

हातानं लिहिलं. पाच पोरांचे पाच अर्ज, जातीसकट. ते घेऊन मालकांच्या फाटकात उभा राहिलो. नाकारायचं तर नाकारा. पण चांगलं घर म्हणजे कुठलं, ते तुमच्या सहीनं लिहून द्या. त्याशिवाय मी फाटकातून हलणार नाही.