सुमनताईंचं दुधाचं कॅलेंडर

“एकशे पंच्याऐंशी,” कॅलेंडरवरचे दिवस दुसऱ्यांदा मोजून मी म्हणालो. समोर बसलेल्या सुमनताईंना वाटलं, चांगलीच बातमी आहे.

नागपूरच्या रामदासपेठेतल्या माझ्या ऑफिसमधली ही गोष्ट. मी सीए. आता ऑफिस मुलगी चालवते, कोपऱ्यातलं टेबल मात्र अजून माझंच आहे. दुपारी तिथे बसलं की सुमनताई हमखास आठवतात. त्या पारशिवनीच्या. मुलगा अमोल दोन वर्षांपासून दुबईत इंजिनिअर. वडिलांचं कंबरेचं ऑपरेशन झालं तेव्हा तो कंपनीची परवानगी काढून घरी आला आणि सहाएक महिने घरूनच लॅपटॉपवर काम करत राहिला.

आता कायदा. पारशिवनीत बसून केलेल्या कामाच्या पगारावर इथे टॅक्स लागणारच. पण एप्रिल ते मार्चच्या वर्षात भारतात १८२ दिवस भरले, तर अमोल ‘रेसिडेंट’ ठरणार आणि त्याचा दुबईत कमावलेला पगारही इथल्या रिटर्नमध्ये येणार. तिकडे त्यावर टॅक्स नाही, म्हणजे वजा करायला काही नाही. त्याच पैशातून तो वडिलांसाठी नागपुरात तळमजल्यावरचा फ्लॅट घेणार होता.

त्याचा पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी कंपनीकडे जमा होता आणि रिटर्नची मुदत जवळ आली होती. म्हणून सुमनताई दुधाची दोन कॅलेंडरं पिशवीत घालून घेऊन आल्या. रोज एक लिटर, अमोल घरी असला की दीड. ‘दीड’ लिहिलेले दिवस मोजले की झालं, असं मलाही वाटलं.

मी अमोलला फोन लावला. “एकशे एक्याऐंशीपर्यंत चालतं, चार दिवस जास्त होतायत. तिकिटं पाहा एकदा.”

“आईनं लिहिलं ना सर? मंग बरोबरच असंन. भरून टाकू टॅक्स. फ्लॅटचं मागून पाहू.”

सुमनताई कॅलेंडरं गुंडाळू लागल्या.

आठवड्याने पासपोर्टचा स्कॅन आला. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस धरून मी शिक्क्यांवरून दिवस मोजले. एकशे एक्याऐंशी. इतक्या वर्षांची प्रॅक्टिस आणि मी दुधावर विसंबलो होतो. माझी मलाच लाज वाटली. मी सुमनताईंना फोन केला.

“ताई, हे चार दिवस कुठले?”

“दोन आधीचे हायेत साहेब. तो येणार म्हणून दही लावाले दूध वाढवलं होतं.”

“आणि बाकीचे दोन?”

“तो गेल्यावरचे. दूधवाल्याले कमी कर म्हणून सांगवलंच नाही मले.”

मी मुंबईला सीएच्या आर्टिकलशिपला गेलो तेव्हा माझी आई कितीतरी दिवस सकाळी माझाही चहा टाकायची, असं बाबांनी नंतर सांगितलं होतं. तेव्हा मी हसलो होतो. त्या दुपारी फोन ठेवल्यावर मात्र आईची फार आठवण आली.

रिटर्न ‘नॉन-रेसिडेंट’ म्हणून भरला. फ्लॅटही झाला. तेव्हापासून आमच्या ऑफिसात दिवस मोजायचे ते फक्त पासपोर्टवरून. घरी विचारायचं नाही. आईच्या मोजणीत मुलगा दोन दिवस आधीच आलेला असतो आणि गेल्यावरही दोन दिवस घरीच असतो.