दोरावरच्या तीन लाल खुणा

नोकरीतून मोकळा होऊन बराच काळ झाला, पण ती शुक्रवारची दुपार काही माझी पाठ सोडत नाही. सिंगापूर पोलिसांत तपास अधिकारी म्हणून मी पुष्कळ प्रकरणं हाताळली आणि बहुतेक नीट हाताळली, हे मी छातीठोकपणे सांगतो. हे प्रकरणही कागदोपत्री यशस्वीच आहे. संबंधितांची नावं मात्र देणार नाही.

तेव्हा माझी नेमणूक क्लेमेंटीच्या बाजूला होती. ठाण्याच्या काउंटरवर एक मराठी बाई आली. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून तिने थेट मराठीतच सुरुवात केली.

“साहेब, माझ्या नवऱ्याचा दोन दिवस फोन नाही.”

नवरा विद्यापीठात संशोधक. अमेरिकेला परिषदेसाठी गेलेला, सोमवारी परतायचा होता. मी तिच्यासमोरच त्याच्या विभागात फोन लावला. परिषद मंगळवारीच संपली होती आणि त्याने पुढे रजा टाकली होती. रजेचं बायकोला ठाऊक नव्हतं.

माझ्या चिनी सार्जंटने पेन खाली ठेवलं. “सर, गर्लफ्रेंड केस आहे लाह,” तो सिंगापुरी ढंगाच्या इंग्रजीत पुटपुटला.

मलाही तेच वाटलं. मी बाईंना नको ते प्रश्न विचारले. घरात भांडणं होतात का, ते बाहेर जाऊन फोनवर बोलतात का, पूर्वी कधी असं झालं होतं का. तिचे कान लाल झाले, पण तिने प्रत्येकाचं उत्तर दिलं.

“सोमवारचं तिकीट आहे ना? येतील. घरी जा, ताई.”

ती उठली. “ते माझ्याशी खोटं बोलतात, साहेब. पण मला काळजी वाटू नये म्हणून. दुसऱ्या कशासाठी नाही.”

मी मान हलवली. अशी वाक्यं मी त्या काउंटरवर अनेकदा ऐकली होती. चार ओळींची नोंद केली आणि दुसरी फाइल उघडली.

शनिवारी दुपारी फोन आला. तिच्याच इमारतीतले एक निवृत्त चिनी काका बोलत होते. बाईंनी शेजाऱ्यांकडे चौकशी केली, तेव्हा या काकांना कळलं होतं.

“तो हरवलेला इंडियन म्हणजे दोरवाला ना? कार पार्कच्या पाचव्या मजल्यावरून लटकायचा! मी तक्रार केली होती. तुम्ही काय केलं? नुसतं बोलून सोडून दिलं!”

मी संगणकावर त्या इमारतीचा पत्ता टाकला. तीन आठवड्यांपूर्वीची नोंद समोर आली. दोन भारतीय पुरुष बहुमजली कार पार्कच्या कठड्यावरून दोर सोडून उतरत होते, त्यांना समज दिली. दोघांची नावं होती. एक हरवलेला नवरा, दुसरा क्वीन्सटाउनला राहणारा त्याचा पुण्याचा मित्र. बेपत्ता माणसाची खबर आली की आधी पत्त्यावरच्या जुन्या नोंदी बघायच्या, हा आमचा पहिला धडा. शुक्रवारी मी तो गाळला होता. मला खात्री होती ना!

आम्ही त्यांच्या फ्लॅटवर गेलो. सामानाच्या खोलीत सूटकेसमागे पिशवी सापडली आणि पिशवीत जाड दोर.

बाईने दोर हातात घेतला. “लग्नाआधी सह्याद्रीत कडे उतरायचे. मुलगी झाल्यावर सोडलं, असं म्हणाले होते.”

मित्र आयटीत इंजिनियर, एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, आलेला. त्याला ठाण्यात आणलं. त्याने ठरलेलं उत्तर दिलं, “परिषदेला गेलाय. मला जास्त माहीत नाही.”

मग मी दुसरी चूक केली. टेबलावर हात आपटून म्हणालो, “तुझा पास माझ्या एका फोनवर आहे, लक्षात ठेव.” माणूस घाबरला की बोलतो, असा माझा समज. हा घाबरला आणि मिटला. तासभर गेला.

शेवटी सार्जंटला कॉफी आणायला पाठवलं. खुर्ची त्याच्या बाजूला घेतली आणि हळू आवाजात विचारलं, “शपथ घातलीय का रे त्याने?”

त्याचा चेहरा पडला. “मुलीची घातलीय, साहेब. वहिनीला सांगायचं नाही म्हणून. काल वहिनीचे तीन फोन आले. म्हटलं, परिषदेत असेल.”

“आता ती मुलगीच बाप कधी येणार म्हणून विचारतेय. कुठे गेलाय?”

मग सगळं बाहेर आलं. अमेरिकेतल्या वाळवंटातलं एक संरक्षित उद्यान. त्यात खडकाच्या खोल, अरुंद घळी आहेत, दोन्ही हात पसरताही येत नाहीत इतक्या. दोराने टप्प्याटप्प्याने उतरायचं आणि प्रत्येक टप्प्यावर दोर खाली ओढून घ्यायचा. एकदा ओढला की परतीची वाट बंद. परवाने मोजके, चिठ्ठ्या काढून देतात. यांचा नंबर लागला नाही. मित्राला रजाही मिळाली नाही. हा एकटाच, विनापरवाना गेला. बुधवारी उतरायचं आणि गुरुवारी फोन करायचा, असं ठरलं होतं.

“मग गुरुवारीच का नाही बोललास?”

“वाटलं, आता करेल. मग वाटलं, अजून थोड्या वेळाने करेल.”

“कुठली घळ?”

“दोन निवडल्या होत्या. शेवटी कुठली ते तिथेच ठरवणार होता.”

दोन घळी, मध्ये दिवसभराची वाट. चुकीच्या घळीत माणसं पाठवली, तर संपलंच. माझी नजर फ्लॅटवरून आणलेल्या दोराच्या पिशवीवर गेली. दोरावर तीन ठिकाणी लाल टेप गुंडाळलेली होती.

“हे काय?”

मित्र ताडकन उभा राहिला. “टप्पे! हा सरावाचा दोर, नवा तो घेऊन गेलाय. सरावासाठी प्रत्येक उतरणीची लांबी टेपने दाखवायची, ही आमची पुण्यापासूनची सवय. या खुणा त्याने जायच्या आदल्या दिवशी केल्यात. म्हणजे ठरवलं होतं त्याने!”

ठाण्याच्या कॉरिडॉरमध्ये मी, मित्र आणि कॉफी घेऊन परतलेला सार्जंट अशा तिघांनी दोर पसरला आणि खुणा मोजल्या. दुसरी लांबी पहिलीच्या दुपटीहून जास्त होती. रीतसर पत्र वरिष्ठांकडून जाणार होतं. मी त्याआधीच उद्यानात फोन लावला. आमच्याकडे संध्याकाळ, तिकडे पहाट. तिथल्या रेंजरने तीन आकडे ऐकले आणि क्षणात म्हणाला, “अशी मोठी दुसरी उतरण एकाच घळीत आहे.”

त्याच दिवशी, त्यांच्या दुपारी, तो सापडला. दुसऱ्या उतरणीच्या तळाशी घोटा मोडून पडलेला. दोर वर अडकलेला, पाय गुडघ्यापर्यंत त्या घळीतल्या बर्फासारख्या पाण्यात. जिवंत. पण उजवा पाय घोट्यावरून काढावा लागला. एक दिवस आधी आणला असता तर पाय वाचला असता, असं तिथले डॉक्टर म्हणाले. ते वाक्य असलेला अहवाल मी स्वतः वाचून फाइलला लावला.

या प्रकरणाने मला शिकवलं, की अनुभव हा चांगला नोकर आहे, पण त्याला खुर्चीवर बसवलं की तो समोरच्या माणसाचं ऐकू देत नाही. नव्या अधिकाऱ्यांना मी पुढे कायम सांगत राहिलो, आधी नोंदी बघा, मग मत बनवा. कुणाचा पाय गेला म्हणून हे सांगतोय, ते मात्र कधी सांगितलं नाही.

महिन्याभराने बाई ठाण्यात आली. हातात बेसनाच्या लाडवांचा डबा. मित्राशी तिने बोलणं सोडलं होतं.

“त्याने तोंड उघडलं असतं, तर पाय वाचला असता,” ती म्हणाली. “तुम्ही होतात म्हणून जीव तरी वाचला, साहेब.”

तिने तो शुक्रवार विसरायचं ठरवलं असावं. मी डबा घेतला आणि “आमचं कामच आहे ते” म्हणालो. त्या मित्राच्या तोंडाला एका लहान मुलीची शपथ होती. माझ्या तोंडाला कुणाचीच नव्हती.