टाच टेकली तेव्हा

चेन्नईतले लोक रस्ते देवळांवरून ओळखत, नाहीतर हॉटेलांवरून. मी ओळखायची ते पाय टेकायच्या जागांवरून. अंबत्तूरच्या सिग्नलला डावीकडे उंच प्लॅटफॉर्म होता (तिकडे फुटपाथला प्लॅटफॉर्मच म्हणतात), तो माझा. पुढच्या चौकात औषधाच्या दुकानाची पायरी थेट रस्त्यावर आली होती, तीही माझीच. त्यानंतर बराच वेळ टेकायला काहीच नव्हतं. तेवढ्या टप्प्यात सिग्नल लाल होऊ नये म्हणून मी मारुतीचं नाव घ्यायची. एरवी मी देवळाबाहेरून हात जोडून पुढे जाणाऱ्यातली.

माझी उंची पाच फुटांना दोन इंच कमी. मोटरसायकलवर बसले की पायाची बोटं कशीबशी जमिनीला लागायची, टाचा हवेत. गाडी जुनी, दीडशे सीसीची, एका सहकाऱ्याकडून घेतलेली. स्कूटी का घेतली नाहीस, हे मला तेव्हा सगळ्यांनी विचारून झालं होतं. आई इचलकरंजीहून फोनवर दर रविवारी विचारायची आणि दर रविवारी आमचं त्यावरून वाजायचं.

कारण साधं होतं. अंबत्तूरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुचाकींचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत मी डिझाइनला होते. दोन वर्षं कागदावर ब्रेक काढून कंटाळले होते. मला टेस्टिंगला जायचं होतं. गाड्या तिथे पळवायच्या, थांबवायच्या, आणि ब्रेक नेमका कुठे फसतो ते आपल्या हातापायांनी शोधायचं. टेस्टिंगचे साहेब, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, उंचेपुरे, अंगाने भरलेले आणि बोलायला अगदी कंजूष. मी जाऊन विचारलं तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या चपलांकडे. मग म्हणाले, "डिसेंबरअखेर जागा निघते. मोटरसायकलवर माझी परीक्षा द्यायची. एकटीने आणि मागे माणूस बसवून. पास झालीस तर ये."

झालं. गाडी घेतली, आणि घेतल्यावर आठवडाभरात भर सिग्नलला पडले. वेग नव्हताच. गाडी थांबली, डावीकडे टेकायला गेले तर तिथे खड्डा, आणि गाडी सावकाश, लाजत लाजत आडवी झाली. मीही तिच्याबरोबर. समोर बस उभी होती, आणि खिडक्यांमधून एक अख्खी बस माझ्याकडे बघत होती. चार जणांनी गाडी उचलली, पाचव्याने मला. "स्कूटी घ्या मा," असं तो पाचवा म्हणाला (तिकडे कुठल्याही बाईला मा म्हणतात). तळपायाची आग मस्तकात गेली, पण मला उचललं होतं त्यानेच, भांडणार कशी?

त्यानंतर मी सगळे उद्योग केले. चांभाराकडून बुटांना जाड सोल लावून घेतले. सीटवाल्याकडून सीटचा फोम इतका कापून घेतला की फळीवर बसल्यासारखं वाटायचं. मागचे शॉक अब्सॉर्बर सगळ्यात मऊ करून ठेवले. एवढं करून टाच जमिनीपासून दोन बोटं वर ती वरच.

मी एका तंजावरी मराठी बाईंच्या घरात वरची खोली घेऊन राहायचे. शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, एकट्या, देहाने चांगल्या ऐसपैस. गल्ली त्यांना मामी म्हणायची, म्हणून मीही. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला गेलेले, आणि मराठीही तेव्हाचीच बरोबर नेलेली. वर तमिळचा हेल. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. मामी शांतपणे म्हणाल्या, "हस मा. अम्हाला तुमची मराठी भांडणासारखी वाटते." माझ्याकडे पाहून त्यांना तसं वाटलं असेल तर त्यांची चूक नव्हती.

सकाळी मी अंगणात गाडीवर बसून सराव करायचे. इंजिन बंद, एक हात भिंतीला, आणि पाय इकडून तिकडे टेकवून बघायचे. मामी तुळशीला पाणी घालता घालता हे बघायच्या. एका शुक्रवारी त्या जरीची साडी नेसून, डोक्यात मोगरा माळून, हातात पिशवी घेऊन बाहेर आल्या. त्यांना मैलापूरला बहिणीकडे जायचं होतं आणि रिक्षा आली नव्हती. मला काही विचारलं नाही, सांगितलं नाही. सरळ येऊन, पदर खोचून, एका बाजूला पाय सोडून माझ्या मागे बसल्या.

गाडी खाली बसली. आणि माझी टाच जमिनीला लागली.

मी खाली पाहिलं. डावी टाच, उजवी टाच. दोन्ही, पूर्ण, फरशीवर. भिंतीवरचा हात मी कधी काढला मला कळलंही नाही. आता यात मला नवल वाटायचं काही कारण नव्हतं. मागे वजन आलं की गाडी किती बसते, हे गणित मी ऑफिसात आठवड्यातून दोनदा मांडायची. 'लोडशिवाय', 'लोडसह', अशा दोन ओळी माझ्या प्रत्येक ड्रॉइंगखाली असत. पण त्या 'लोडसह'च्या ओळीत माझी टाच बसलेली आहे, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. एवढं शिकून शेवटी अक्कल मामींच्या वजनाने आली. मी वेड्यासारखी हसत सुटले.

"काय झालं?" मामींनी विचारलं.

"मामी, तुम्ही उतरू नका."

"का उतरू? आत्ता तर बसले. मेल्ल चल." मेल्ल म्हणजे हळू. तो शब्द त्यांनी मला पुढच्या दोन महिन्यांत किती वेळा ऐकवला, मोजदाद नाही.

मग आमचं ठरूनच गेलं. शुक्रवारी संध्याकाळी मैलापूर, रविवारी सकाळी भाजी, मधल्या वारी मामींना आठवेल ते काम. मी आयुष्यात पहिल्यांदा चौकात मधल्या रांगेत उभी राहिले, फ्लायओव्हर चढले, बसला ओलांडून पुढे गेले. मामी मागे बसून पिशवी सांभाळत, आणि कुणी फार जवळ आलं तर शाळेच्या आवाजात तमिळमधून त्याला झापत. माझा हात सुधारला. ब्रेक किती दाबला की गाडी कुठे थांबते हे बोटांना कळू लागलं. ऑफिसला मात्र मी एकटी जायची ती अजूनही डाव्या कडेने, प्लॅटफॉर्म धरून. मागे मामी नसल्या की माझं सगळं शौर्य घरी तुळशीपाशी.

डिसेंबर आला. मैलापुरात गाण्याच्या सभा सुरू झाल्या. एका शुक्रवारी मामींना बहिणीच्या दारात उतरवलं, तर त्या म्हणाल्या, "आता महिनाभर मी इथेच. सगळ्या सभा संपल्यावर ये न्यायला."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "मग मी परत कशी जाऊ?"

"आलीस तशी."

"आले ती तुम्ही मागे होतात म्हणून, मामी. तुम्ही उतरलात की माझे पाय पुरत नाहीत."

मामींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिसरीतली मुलगी आणि पाढा चुकलेय. "हँडल तुझ्या हातात अहे. माझ्या हातात पिशवी अहे. गाडी कोण चालवते?" आणि त्या आत गेल्या. दारही लोटून घेतलं.

पुढचं सांगायला अजून लाज वाटते. मी गाडी चालू केली आणि दोन गल्ल्या पुढे एका तांदळाच्या दुकानासमोर थांबले. बाहेर पोती रचलेली होती. मी खरंच हिशेब करत होते की दोन पोती मागे बांधली तर मामींएवढी होतील का. दुकानदार उठून उभा राहिला. "किती पाहिजे?" त्याने विचारलं. तेव्हा मला माझाच असा राग आला की काय सांगू. इंजिनियर बाई, परीक्षा आठवड्यावर आलेली, आणि पोत्याच्या भरवशावर घरी निघालेली. काही नको म्हटलं आणि गाडी दामटली.

व्हायचं तेच झालं. तिरुमंगलमच्या सिग्नलला मी मधल्या रांगेत अडकले. डावीकडे बस, उजवीकडे लॉरी. प्लॅटफॉर्म बसच्या पलीकडे, म्हणजे माझ्या दृष्टीने पार तंजावरला. सिग्नल लाल. गाडी थांबत आली आणि मी सवयीने दोन्ही पायांची बोटं ताणली. गाडी डुगडुगली. तो खड्डा, ती बस, त्या खिडक्या, सगळं डोळ्यांपुढे आलं. रडू फुटणार होतं.

आणि तेवढ्यात माझं लक्ष आजूबाजूला गेलं. पुढे, मागे, बसच्या फटीत, सगळीकडे मोटरसायकली, आणि त्यावर पुरुषच पुरुष, लांबच लांब पायांचे. त्यातला एकही जण दोन पाय टेकून उभा नव्हता. सगळे एका पायावर. दुसरा पाय आपला वर, ब्रेकवर. इतके महिने मी सिग्नलला फक्त माझे बूट बघत होते. दुसऱ्यांचे कधी पाहिलेच नव्हते.

मी सीटवरून डावीकडे सरकले, फार नाही, अर्धी मांडी. डावा पाय खाली गेला. बोटं, चवडा, टाच. अख्खा पाय तिरुमंगलमच्या डांबरावर, मागे कुणी नसताना. उजवा ब्रेकवर. गाडी जागची हलली नाही. दोन्ही पाय टेकलेच पाहिजेत हा हट्ट माझ्याशिवाय कुणाचाच नव्हता. सिग्नल हिरवा झाला तेव्हा मला वाईट वाटलं, अजून थोडा वेळ उभं राहायचं होतं. पुढचा प्रत्येक सिग्नल लाल व्हावा अशी वाट बघत मी गेले. हेल्मेटच्या आत मोठमोठ्याने बोलत होते, स्वतःशीच, मराठीत. घरी पोचले तेव्हा घसा बसला होता.

परीक्षेच्या दिवशी कंपनीच्या मागच्या आवारात टेस्टिंगची सगळी मुलं चहाचे कप घेऊन जमली. खडीचा पट्टा, वळणं, आणि शेवटी चुन्याची रेघ, तिच्या आत गाडी थांबवायची. गाडी कंपनीची, माझ्या गाडीपेक्षा उंच, सीट कुणी कापलेली नाही. सर आले, माझ्याकडे पाहिलं आणि मऊ आवाजात म्हणाले, "तुझ्यासाठी लोडची फेरी राहू दे. एकटीने कर, तेवढं पुरे."

मुलांनी समजूतदारपणे माना हलवल्या. त्या मानांनी माझं डोकं फिरलं. सरांच्या मनात चांगलंच होतं, हे मला कळत होतं. पण आज ही सूट घेतली तर टेस्टिंगमध्ये मी कायमची हाफ तिकीट, हेही कळत होतं.

"नको सर," मी म्हटलं. "दोन्ही फेऱ्या घ्या. लोडची आधी."

"मागे कोण बसणार?" सरांनी मुलांना विचारलं. सगळ्यांना एकदम आपापल्या कपात काहीतरी दिसू लागलं. सरांनी खिशातलं पेन काढून एकाच्या हातात दिलं आणि स्वतः येऊन मागे बसले. मामींपेक्षा जरा जास्तच भरले असतील. गाडी खाली बसली, डावा बूट आरामात जमिनीला टेकला. मला हसू आलं, पण हेल्मेट होतं म्हणून निभावलं.

खडीवर मी हात सैल सोडले आणि गाडीला तिच्या मनाने हलू दिलं. वळणं घेतली. रेघ जवळ आली तसा आधी पुढचा ब्रेक, मग मागचा, दोन्ही आमच्याच कंपनीचे, त्यातला एक मीच कागदावर काढलेला. चाक रेघेच्या अलीकडे थांबलं. सर उतरले, आणि उतरताना माझ्या खांद्याचा आधार घेतला.

त्यांचं वजन गेलं तशी गाडी वर उठली. "आता एकटी," सर म्हणाले. तीच फेरी, तीच खडी. रेघेपाशी थांबले. आणि त्यांनी मला तिथेच ताटकळत ठेवलं. इंजिन चालू, उन्हात, आवाराच्या अगदी मधोमध, टेकायला ना भिंत ना पायरी. सर पेन परत घेऊन सावकाश काहीतरी लिहीत होते, मध्येच माझ्या बुटांकडे बघत होते. मी कधी लटपटते याची ते वाट बघताहेत हे मला समजलं, आणि मी आणखी ऐसपैस बसले.

शेवटी ते जवळ आले. "एकच पाय खाली आहे," ते म्हणाले. "दुसरा पोचत नाही?"

"दुसरा ब्रेकवर आहे, सर," मी म्हटलं. "त्याचं काम तिथे आहे."

सर हसले. त्यांना हसताना मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. "सोमवारी साडेआठला ये," म्हणाले.

त्या संध्याकाळी मी मैलापूरला गेले, एकटी, रस्त्याच्या मधून. मामींनी दार उघडलं, माझं तोंड पाहिलं, आणि काही न विचारता आत जाऊन पिशवी घेऊन आल्या. मी म्हटलं, मामी, सभा अजून संपल्या नाहीत. त्या मागे बसल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "गाणं उद्या अहे. आज मला फिरव." पहिल्याच सिग्नलला त्यांनी वाकून माझ्या पायांकडे पाहिलं.

"मी अहे की मागे. दोन्ही टेक."

"नको मामी," मी म्हटलं. "एकच पुरतो."

सिग्नल सुटला. त्या दिवशी मामी एकदाही मेल्ल म्हणाल्या नाहीत.